एलसी हातात असली तरी
निर्यातीवरच्या लेखात ‘एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) घेतली की निर्यातदाराचे पैसे पक्के’ असं म्हटलंय. तुर्भे-वाशीतून माल पाठवणाऱ्यांनी हे अर्धंच खरं मानावं. बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीत लोडिंग पोर्ट ‘मुंबई’ आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने माल चढवल्याची दिलेली पावती) ‘न्हावा शेवा’, एवढ्यावरही डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, निघते आणि बँक पैसे अडवू शकते. त्यात खरेदीदाराकडे मालाचा भाव पडलेला असेल तर खरेदीदार हमखास सूट मागतो. खरं भांडण तिथून सुरू होतं. म्हणून एलसीच्या ड्राफ्टमध्येच ‘भारतातील कोणतेही बंदर’ लिहून घ्या. एलसी उघडल्यावर दुरुस्ती म्हणजे जादा खर्च आणि वर खरेदीदाराची मर्जी.

यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) नुसार कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत, तेही एलसीच्या मुदतीत, सादर व्हायला हवेत. तपासायला बँकेला ५ बँकिंग दिवस. नाकारायचं तर सगळ्या चुका एकाच नोटिशीत. मागाहून नवी चूक उकरता येत नाही. हे कलम १६ बँकेला ठणकावून दाखवायचं असतं, आपले लोक गप्प बसतात. वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, पण एलसीत ‘१००० गोणी’ असं नग मोजून लिहिलं असेल तर ही सवलत गेली.