मोटर गुणगुणतीय पण फिरंना

आमचं औशात पंपाचं आणि मोटार भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, एका टपरीत सुरू केलेलं. आता दोन शटर आहेत. मी लग्न होऊन आले ती मराठीत एम.ए. करून, आणि घरच्यांच्या मते त्या एम.ए.चा उपयोग एवढाच की बिलं सुवाच्य अक्षरात निघतात. चार वर्षांपूर्वी नवऱ्यानं दुकानाची वेबसाइट काढली आणि "तू लिहितीस ना, मग टाकत जा काहीबाही" म्हणून ती माझ्या गळ्यात मारली. तेव्हापासून ओळखीतले कृषी सेवा केंद्रवाले, हार्डवेअरवाले, पैठण्या विकणारी माझी एक मैत्रीण, सगळे भेटले की एकच विचारतात: दर आठवड्याला विषय सुचतात कुठून तुला? प्रत्येकाला फोनवर सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून इथंच लिहिते.

मला विषय सुचत नाहीत. लोक आणून देतात. मी फक्त उतरवून घेते.

सुरुवातीला आम्हीही पैसे देऊन बघितले होते. एका मोठ्या शहरातल्या एजन्सीनं तीन महिन्यांचे विषय आखून दिले. पहिला, 'वॉटर पंपाचे सात फायदे'. आता ज्याची ज्वारी पाण्यावाचून माना टाकायला लागलीय त्याला पंपाचे फायदे सांगायचे? दुसरा, 'योग्य पंपाची निवड: एक मार्गदर्शन'. तिसरा, 'आमची गुणवत्ता, तुमचा विश्वास'. वर मृगाच्या शुभेच्छा म्हणून एक फोटो आला, त्यात गुडघाभर पाण्यात भातलावणी चाललेली आणि मागं नारळाची झाडं. लातूर जिल्ह्यात! मामांनी चष्मा वर करून तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे रान कुणाचं हाय? इकायचं असल तर इचारा."

एजन्सी तिथंच थांबवली.

मग मी एक कोरी खतावणी काढली, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि काउंटरवर कॅल्क्युलेटरशेजारी ठेवली. गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच तोंडच्या शब्दांत लिहायचं. तोच प्रश्न परत आला की पुढं एक उभी रेघ, पोती मोजताना मारतात तशी. तीन रेघा झाल्या की तो विषय पिकला. पहिल्या पानावरचे प्रश्न अजून तसेच आहेत बघा: "मोटर गुणगुणतीय पण फिरंना." "भरलेली मोटर किती दिस टिकती?" "हीर साठ फूट, रान चढाला, पाईप अडीच इंची, पाच एचपी बास हाय का?" "पाऊसकाळात मोटर बोरातच ठिवू का काढू?" आणि एक, जो विचारताना म्हातारबाबांनी आवाज बारीक केला होता: "तांब्याच्या तारेचे पैसे घेऊन अॅल्युमिनियमची भरून देत्यात म्हणं, खरं हाय का?"

यातला गुणगुणण्याचा प्रश्न मी आधी माझ्या एम.ए.च्या मराठीत लिहिला होता, 'त्रिफेज मोटारीतील प्रारंभिक दोष' असं मथळ्यात घालून. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. आतला मजकूर तोच ठेवला आणि मथळा वहीतला लावला, तर ते पान आजतागायत आमच्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं. कारण साधं आहे. माणूस रानात उभा असतो, हात चिखलाचे, तो टाइप करत बसत नाही. माइकचं बटण दाबतो आणि बायकोला सांगावं तसं गुगलला सांगतो. गुगलचंच सर्च कन्सोल उघडलं की लोकांनी काय शोधलं आणि आपलं पान कशाला दिसलं ते कळतं. फुकट आहे, आणि मला तरी ती दुसरी लाल वहीच वाटते. 'प्रारंभिक दोष' असं तिथं कुणी शोधलेलं मी अजून पाहिलं नाही.

त्या पोस्टमध्ये फार काही नव्हतंच. विजेच्या तीन तारांपैकी एकीची वीज गेली, म्हणजे एक फेज गेला, की मोटार उठत नाही, नुसती गुणगुणते, आणि तशीच चालू ठेवली तर बघता बघता कॉइली जळतात. म्हणून आधी बंद करा. मग तिन्ही फ्यूज बघा. मग मेन बंद असतानाच पंपाचा शाफ्ट हातानं फिरतो का बघा, नाही तर तो जाम झालेला असतो. एवढंच. पण एवढ्यानं एखाद्याचं मोटार भरायचं बिल वाचतं.

आणि इथंच आमच्या घरात पहिलं भांडण झालं.

मामांचं म्हणणं, "बाई, समदंच सांगून टाकलं तर माणूस दुकानात कशाला यील?" सोपा प्रश्न नाही हा. मी उत्तर म्हणून त्यांना किर्लोस्करांचं उदाहरण दिलं. लोखंडी नांगर करणाऱ्या, आणि पुढं पंपही करायला लागलेल्या, कारखान्यानं १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याच्या मालाची आणि गिऱ्हाइकांची खबरबात द्यायला. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' झालं आणि नांगराशी ज्याचा संबंध नाही असली माणसंही ते वाचायला लागली. ब्लॉग हा शब्द यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. मामा म्हणाले, "त्यांचा कारखाना होता. आपलं दोन शटर हाय."

खरं भांडण पेटलं ते ऑटो स्विचवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीला थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून थंडीत विंचूकाट्यातून विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच तो लावलेला असला की लाईट येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठायला बघतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज धाडकन पडतं, मोटारी धड उठत नाहीत, कण्हत राहतात, तापतात. कुणाची मोटार जळते, कधी डीपीच जाते, आणि मग पंधरा दिवस सगळ्या शिवाराला पाणी नाही. त्यातून काहींनी ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटार बंद करणारा भाग, सारखा पडतो म्हणून तो डायरेक्ट, म्हणजे वगळून, करून ठेवलेला असतो. म्हणजे राखणदाराचेच हात बांधलेले.

वहीत "सारखी सारखीच मोटर जळूलालीय, काय करावं" यापुढं तेव्हा अकरा रेघा होत्या. मी लिहायला घेतलं: ऑटो स्विच लावावा का? मामा म्हणाले, "आपण इकतो न्हवं ते?" विकतो. आत फळीवर डबेच्या डबे आहेत. मग आपल्याच मालाच्या विरोधात लिहायचं?

तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी छोट्या हत्तीतून विहिरीवरची एक मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली, आली, पाच एचपी, त्याच सालात दुसऱ्यांदा. खोलली तर जळक्या वार्निशचा तो वास, एकदा नाकात गेला की संध्याकाळपर्यंत जात नाही. दोन फेजच्या कॉइली काळ्या ठिक्कर आणि तिसरी लालबुंद, नव्यासारखी. मामा तिच्यावरून बोट फिरवत बसले. असं दिसलं की एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. तो शेतकरी पायरीवर बसलेला. सोयाबीनचे आले तेवढे खताच्या उधारीत गेले म्हणत होता. तो गेल्यावर मामा म्हणाले, "लिव्हा. पण नीट लिव्हा. लावूच नका म्हणू नका, राती मरंल माणूस. टायमरचा लावा म्हणा, आन् डीपीवरच्या समद्यांनी टाइम येगळा येगळा लावा म्हणा. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा म्हणा. कपॅसिटर बी लिव्हा. आन् रिले डायरेक्ट करणाऱ्याला चार शिव्या घाला."

शिव्या सोडून बाकी सगळं लिहिलं, प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, हेसुद्धा. माझं ठाम मत तेव्हापासूनचं आहे: धंदेवाल्याला जो विषय लिहायला नको वाटतो, तोच वाचणाऱ्याला हवा असतो. भाव काय? कशामुळं बिघडतं? तुमच्याकडचं कधी घेऊ नये? तांब्या-अॅल्युमिनियमवर लिहिताना आमच्या धंद्यातल्या दोघांचे फोन आले, "वहिनी, हे कशाला काढता." त्यात मी फक्त एवढंच सुचवलं होतं की जुनी जळकी तार आपली आपण परत मागा, मोडीत तिचेही पैसे येतात, आणि नवी किती किलो घातली ते बिलावर लिहून घ्या.

फायदा झाला का, हे विचारणाऱ्यांना खरं सांगते. रांगा लागल्या नाहीत. मुरुडकडचा एक जण मोबाइलवर पोस्ट उघडूनच आत आला, सगळं वाचलेलं, आणि तरीही घासाघीस तेवढीच केली. पण मोटार आमच्याकडं टाकून गेला.

हंगामाचं मात्र भान लागतं, त्यात मी पुष्कळ मार खाल्लाय. मोटार कोरडी पळण्यावरची पोस्ट मी पहिल्या वर्षी मेच्या शेवटी टाकली, तोवर विहिरींनी कधीच तळ दाखवलेला होता. ती फेब्रुवारीत हवी. रब्बीची पाणीपाळी सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या आसपास स्टार्टर आणि फ्यूज. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, काहीही टाकू नये, त्या दिवशी अख्खा जिल्हा रानात भज्जी आणि आंबील खात असतो. मीसुद्धा.

सरकारी योजनांचे विषय आयते मिळतात, पण ते नासतातही लवकर. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली तेव्हा रोज तोच प्रश्न: मला किती एचपी बसतंय? अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर ७.५, पैसे भरायचे १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. चार ओळींची पोस्ट. असल्या पोस्टवर तारीख टाकायची आणि नियम बदलला की बदलायची, नाही तर लोक जुनं वाचून भांडायला येतात. मामांना यात वेगळीच काळजी, सोलर आलं तर आपण भरायचं काय.

आणि पैठणीवाल्या मैत्रिणीला, जी म्हणते की तुमचं बरंय, तुमच्याकडं बिघाड तरी होतात: अगं, तू मला किती वेळा सांगितलंयस की बायका पदर उलटा करून बघतात आणि विचारतात, हातमागाची कशावरून? ते लिही ना. 'पैठणी: महाराष्ट्राचं महावस्त्र' दहा हजार जणांनी लिहून ठेवलंय.

एक शेवटचं सांगते, कारण यानं माझी वहीची पद्धतच बदलली.

काउंटरवर प्रश्न विचारतात ते पुरुष. बाई सोबत आली तरी पायरीशी उभी राहते. मागच्या उन्हाळ्यात एक जण दोन पाइपांचे कपलर घ्यायला आला, ते आत बघायला गेला तशी त्याची बायको पुढं सरकली आणि मला हळूच म्हणाली, "ताई, स्टार्टरला हात लावला की झणझण होतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणत्यात, चप्पल घालून जा."

मी वहीत लिहिलं. पुढं रेघ मारायला दुसरं कुणी येईल याची वाट बघावीशी वाटली नाही. एका रेघेवरच विषय घेतला. मामांना विचारलं तर त्यांनी खुर्ची ओढली आणि कागदावर खड्डा काढून दाखवला: स्टार्टरजवळ अर्थिंगचा खड्डा, त्यात पुरलेली धातूची पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, पट्टीपासून तार स्टार्टरच्या पत्र्याला आणि मोटारीच्या बॉडीला. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंग सोडते, म्हणून आठवड्याला दोन घागरी पाणी त्या खड्ड्यात ओतायचं. झणझण झालं की पत्र्याला परत हात लावायचा नाही, डीपीवरनं लाईट बंद करून घ्यायची आणि वायरमनला बोलवायचं. चपलेवर भरवसा ठेवायचा नाही.

रात्री मी ते लिहून त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. 'दोन घागरी पाणी ओतावे' असं मी लिहिलं होतं. "कुणी वतायचं ते बी लिव्हा," म्हणाले. "न्हाई तर त्या घागरी बी तिच्याच डोक्यावर."