१० फुटी वल्ही घेण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ड्रिफ्ट बोटीच्या, म्हणजे खळाळत्या नदीतून प्रवाहाबरोबर नेायच्या होडीच्या, वल्ह्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. होडीची रुंदी मोजा म्हटलं, पण कुठे मोजायची ते सांगितलं नाही. ९ फुटांचाच हट्ट धरला, १० फुटी वल्ह्याला जोर जास्त मिळतो. आणि कार्बन फायबरच्या जमान्यात अ‍ॅशच्या लाकडाचं कौतुक म्हणजे नुसता जुन्याचा सोस.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य, चूक माझीच. अमेरिकेतल्या ऑरेगनच्या मॅकेन्झी आणि रोग नद्यांवर घडत गेलेली ही होडी तळाशी सपाट आणि अरुंद असते, वर जाताना बाहेर फाकते. माझ्या १६ फुटी होडीचा तळ ५४ इंच आहे, पण एका ऑरलॉकपासून (वल्हं ज्यात अडकवून फिरवतात ती काठावरची कडी) दुसऱ्या ऑरलॉकपर्यंतचं अंतर ७८ इंच. मोजायचं ते हे अंतर. लेखात दुरुस्ती केली आहे.

लांबीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. ७८ चे निम्मे ३९. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून प्रत्येक बाजूला ३ इंच सोडले, तर आत ३६ इंच राहतात. वल्ह्याचा एक तृतीयांश भाग आत आणि दोन तृतीयांश बाहेर, या हिशेबाने लांबी १०८ इंच, म्हणजे ९ फूट. १० फुटी वल्हं याच हिशेबाने बसवलं तर ४० इंच आत येतं आणि मुठी चक्क २ इंच एकमेकींवर चढतात. आत ३६ इंचच ठेवलं तर बाहेर ८४ इंच जातं, आणि पात्यावर तेवढाच जोर लावायला मुठीवर सहाव्या हिश्शाने जास्त ओढावं लागतं. पातं लांबवर फिरतं हे खरं, पण त्याची किंमत तुमची पाठ मोजते.

इतर होड्यांत ती किंमत कदाचित परवडेल. इथे वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि मागे ओढून होडीचा वेग कमी करतो. समोर खडक दिसला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्याच्याकडे वळवायची आणि तिरकं मागे ओढत बाजूला सरकायचं. त्यासाठी छोटे, भराभर हात मारता यायला हवेत. पहिल्याच वर्षी उसन्या १० फुटी वल्ह्यांनी मी मॅकेन्झीवरच्या मार्टिन रॅपिडच्या, म्हणजे खडकाळ, वेगवान पाण्याच्या टप्प्याच्या, तोंडाशी पोचलो, घाईत दोन्ही हात एकदम ओढले आणि डाव्या हाताचा अंगठा दोन मुठींमध्ये चेचला. एक हात हुकला, तेवढ्यात होडी आडवी झाली. खडक जेमतेम चुकला. नख पुढे दोन महिने काळं होतं. माझा ९ फुटांचा हट्ट तिथून आला आहे.

लाकडाबाबत तुमचं अर्धं बरोबर आहे. कार्बन हलका असतो, आणि खांदा दुखावलेल्या माणसाला मीही तोच घ्यायला सांगेन. पण हाताला जाणवतं ते काट्यावरचं वजन नव्हे, ऑरलॉकच्या दोन्ही बाजूंचा तोल. आतला दांडा जाड ठेवलेलं लाकडी वल्हं एका बोटाने पाण्याबाहेर उचलता येतं. शिवाय उथळ पाण्यात पातं दगडावर आपटलं की अ‍ॅश थोडं वाकतं आणि हिसका मनगटापर्यंत येता येता सौम्य होतो. कडेला तुसं निघतात, ती संध्याकाळी पॉलिशपेपरने घासून वॉर्निशचा एक हात दिला की झालं. मला ते काम आवडतं, हेही लपवत नाही.

१० फुटी जोडी अजून घेतली नसेल, तर आधी टेप लावून ऑरलॉक ते ऑरलॉक मोजा आणि आकडा इथेच लिहा, हिशेब आपण मिळून करू. आणि होडीत ठेवायचं तिसरं, जादाचं वल्हंही त्याच लांबीचं घ्या. रॅपिडमध्ये एक वाहून गेलं तर दोन वेगवेगळ्या लांबींनी होडी सरळ ठेवणं फार जड जातं.