माळरानाला जंगल करू नका

दर मृगाला सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. सारांश असा: शहराभोवतीचे माळ ओसाड पडलेत, पूर्वी तिथे जंगल होतं. प्रत्येकानं पाच रोपं नेऊन माळावर लावली तर काही वर्षांत ते पुन्हा उभं राहील. मग पाऊस वाढेल, पक्षी परततील, सगळ्यांना ऑक्सिजन मिळेल. रोप कोणतंही चालेल, रविवारी सकाळी खड्डे घ्यायला या.

हा मजकूर पाठवणारी माणसं चांगली आहेत. पदरचे पैसे घालून रोपं आणायची आणि सुट्टीच्या दिवशी मुरमात कुदळ चालवायची, हे सोपं नाही. म्हणूनच हे कष्ट चुकीच्या जागी जाऊ नयेत असं मला कळकळीनं वाटतं. मजकुरातलं एकेक विधान घेतो.

"पूर्वी इथे जंगल होतं." सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. माळावर काळ्या कातळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. अशा जमिनीवर हजारो वर्षांत जे टिकलं ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनच एखादा हिवर, बोर, बाभूळ, तरवडाची झुडपं, हेंकळाची जाळी. ही झाडं विरळ दिसतात कारण इथला पाऊस आणि इथली माती एवढ्यांनाच पोसते. कुऱ्हाडीनं आणि अति चराईनं काही माळ रोडावले हे खरं, पण रोडावलं ते गवताळ रान. घनदाट अरण्य तिथे नव्हतंच. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात आणि लोकपरंपरेत येणाऱ्या वनस्पतींच्या उल्लेखांचा अलीकडे अभ्यास झाला आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या या रानांत तेव्हाही गवत आणि काटेरी विरळ झाडंच होती, असंच त्यातून दिसतं. म्हणजे हा माळ उजाड झालेल्या जंगलाचा उरलेला भाग नाही, तो मुळातच असा आहे.

आणि तो रिकामाही नाही. धनगरांच्या मेंढ्या, गावोगावची खिलार जनावरं या गवतावर जगत आली. लांडगा, खोकड, काळवीट इथलेच. पावसाळ्यात माळावर गुडघे टेकून बसलात तर गवताच्या बुंध्याशी बोटभर उंचीची किती फुलं असतात ते कळेल. त्यातल्या कित्येकांचे कंद आठ महिने जमिनीखाली निजून असतात. आपण जेसीबी लावून किंवा कुदळीनं चर आणि खड्डे काढतो तेव्हा हे कंद आणि गवताचे जुने ठोंब उपटले जातात. उकरलेल्या जागी आधी येतं गाजरगवत. जुनं गवत तिथे परत यायला एखादं-दुसरं वर्ष पुरत नाही, दशकं जातात.

सरकारी दप्तरात यातल्या बऱ्याच जमिनीला पडीक म्हटलं जातं. त्याचा परिणाम असा होतो की ज्याला राडारोडा टाकायचा तो माळावर टाकतो आणि ज्याला झाडं लावायची तोही माळच शोधतो. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं. एवढे मोठे आकडे समोर असले की मोकळी दिसणारी प्रत्येक जागा खड्ड्यांसाठी योग्य वाटू लागते.

"झाडं लावली की पाऊस वाढेल." सोलापूरचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर आणि सह्याद्रीच्या अडसरावर ठरतो. इथे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि आपली रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. शेकडो किलोमीटर पसरलेलं अरण्य हवेतल्या ओलाव्यावर परिणाम करतं, पण शहरालगतच्या बाळे किंवा कुंभारीच्या पुढच्या माळावर लावलेल्या रोपांनी ढग थांबत नाहीत. पाण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर दाट गवतच कामाचं आहे. ते वाहतं पाणी अडवतं, माती धरून ठेवतं, ओढ्यात आणि तलावात जाणारा गाळ कमी करतं. खोल मुळांची, भराभर वाढणारी झाडं मात्र आधीच तुटपुंजं असलेलं भूजल ओढून घेतात.

"रोप कोणतंही चालेल." सगळ्या मजकुरात मला सर्वांत घातक वाटतं ते हेच वाक्य. फुकट किंवा स्वस्तात मिळणारी रोपं बहुतेकदा कोणती असतात? गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, गुलमोहर. पहिली दोन मध्य अमेरिकेकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गुलमोहर मादागास्करचा. रस्त्याकडेला गुलमोहर असला तर माझं काही म्हणणं नाही. माळावरच्या गिरिपुष्पाबद्दल आहे. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगतं, आणि जगतं म्हणूनच लागवडीत ते पुनःपुन्हा निवडलं गेलं. पण त्याच्या सावलीत गवत मरतं. वरून तोडलं तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात. एकदा माजलं की मुळासकट उपटण्याचं काम लावण्याच्या कामापेक्षा कितीतरी जड.

वेडी बाभूळ हे त्याहून मोठं उदाहरण. तीही परदेशातून आणलेली, जळणाला आणि ओसाडी झाकायला उपयोगी म्हणून पसरवलेली. शेळ्या-गुरं तिच्या शेंगा खातात आणि शेणा-लेंडीतून बी दूरवर नेतात. सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं जा, तलावांच्या काठांनी आणि रेल्वेमार्गाच्या कडेनं तिची भिंत दिसेल. बीजगोळे फेकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. गोळ्यात काय बी आहे हे माहीत नसेल तर तो फेकू नये, आणि गवताळ माळावर तर देशी झाडाच्या बियांचाही फेकू नये.

"पक्षी परततील." कोणते पक्षी? साळुंक्या आणि कावळे नक्की येतील. पण ज्या पक्ष्यामुळे सोलापूरचं नाव देशभर गेलं तो माळढोक, मोकळ्या माळावर राहणारा मोठा पक्षी, झाडावर बसणारा नाही. बार्शी रस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नज. तिथल्या माळढोकाकडे लोकांचं लक्ष वेधणाऱ्यांत सोलापूरचे एक शिक्षक होते, पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथल्या काही पट्ट्यांत चराई थांबवून कुरणं राखली गेली, गवत वाढलं, आणि त्याचा फायदा माळढोकालाही झाला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, पुढे फेररचनेत ते सव्वा बाराशेच्या आसपास आलं. आज तिथे माळढोक दिसणं हीच बातमी होते.

माळढोकाची मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालते. दुरून येणारा शत्रू दिसावा म्हणून तिला मोकळी नजर लागते. मधेच झाडांच्या रांगा उभ्या केल्या तर ती जागा सोडते. आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या इतर पक्ष्यांचं काय? कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीसाठी आपण आयती फांदी देतो. शिवाय इथल्या माळढोकाचा, लाव्यांचा, कित्येक चंडोलांचा विणीचा काळ पावसाळ्यातच येतो. नेमक्या त्याच आठवड्यांत शंभर माणसं कुदळी घेऊन माळ तुडवतात. घरटं पायाखाली गेलं तर कुणाला कळतही नाही.

ऑक्सिजनचा मुद्दा थोडक्यात. काही हजार झाडांनी आपल्या श्वासाच्या ऑक्सिजनमध्ये काहीच फरक पडत नाही, आणि पिंपळ रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतो हेही खरं नाही. झाडाची सावली, गारवा आणि धूळ अडवणं हे फायदे मात्र खरे आहेत. आणि ते माणसं राहतात तिथे हवेत.

शेवटी एक वाक्य नेहमी येतं: "निदान काहीतरी करतोय ना? लोकांचा हुरूप मोडू नका." हुरूप मोडावा असं मला अजिबात वाटत नाही. उन्हाळ्यात पारा ४३–४४ अंशांवर जाणाऱ्या या शहरात झाडांची निकड आहेच. विडी कामगारांच्या वसाहती, शाळांची मैदानं, बसथांबे, स्मशानभूमी, ओढ्यांचे काठ, शेताचे बांध, सावलीला तहानलेल्या जागा थोड्या नाहीत. तिथे कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, कवठ, बेल लावा आणि निदान तीन उन्हाळे पाणी घाला. खड्डे घ्यायला जमलेल्यांपैकी पाच जणांनी जरी मे महिन्यात कॅन घेऊन यायचं ठरवलं तरी रोपं जगतील.

माळासाठीही हात हवेत, पण कामं वेगळी आहेत. वन विभागाच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली गिरिपुष्प व वेडी बाभूळ मुळासकट काढणं. पावसाळा संपल्यावर गवत वाळू लागलं की वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा घ्यायला मदत करणं. गाजरगवत फुलायच्या आत उपटणं (हातमोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज येते आणि दम्याचा त्रास वाढतो). पावसाळ्यानंतर पवन्या-मारवेलचं बी पिकतं, ते थोडं थोडं गोळा करून जिथे माळ खरवडला गेला आहे तिथे पसरणं. राडारोड्याचे ट्रक माळावर रिकामे होताना दिसले तर फोटो काढून तक्रार करणं. आणि मेंढपाळांना सोबत घेणं, कारण कोणत्या माळावर कोणतं गवत कधी येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

यंदा मजकूर आला तर पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. जागा नेमकी कोणती आणि कुणाच्या ताब्यात आहे? तिथे आज काय उगवतं? रोपं कोणत्या जातीची, आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार? जागा गवताळ माळाची असेल तर रोपं घेऊन जाऊ नका. तीच रोपं देशी असतील तर गावातल्या शाळेच्या आवारात न्या आणि मुख्याध्यापकांशी बोलून पाण्याची पाळी ठरवून घ्या.