"एअर रायफलला धक्काच नसतो"? मग स्कोपचा काटा तिरका कसा होतो?

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग ६-२४×५० घेऊ ना?" (म्हणजे झूम सहा ते चोवीस पट आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं, असा स्कोप; स्कोप म्हणजे रायफलवर बसवायची नेम धरायची दुर्बीण.) मजकूर माझ्या ओळखीचाच होता. एअर रायफल बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर तो फिरून फिरून येतो. सारांश असा: स्कोप जास्तीत जास्त झूमचा घ्या, एअर रायफलला धक्का नसतो, त्यामुळे कुठलाही स्कोप चालतो, स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू जितके आवळाल तितकं पक्कं, लेझरने झीरो करा (स्कोपमधल्या फुलीचा काटा जिथे, तिथेच छर्रा लागेल असं जुळवा), एकही छर्रा वाया जाणार नाही, एकदा झीरो झालं की पुन्हा बघायला नको, भिंग मऊ सुती कापडाने रोज पुसा. शेवटी जोडलेले हात.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात महाग पडतो, म्हणून तो आधी घेतो.

आपल्याकडे घरोघरी असते ती नळी मोडून भरायची, स्प्रिंगची रायफल. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढे झेपावतो. पिस्टन पुढे, म्हणून रायफल मागे. इथवर बंदुकीसारखंच. पण पिस्टन लगेच समोर कोंडलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि मागे निघालेली रायफल हिसका खाऊन पुढे जाते. छर्रा नळीतून सुटेसुटेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. खांद्याला एकच बारीकसा ठोसा जाणवतो, म्हणून माणूस म्हणतो की धक्का नाही. स्कोपला मात्र दोन धक्के बसतात, दोन उलट दिशांचे. बंदुकीसाठी बनवलेल्या कित्येक स्कोपांत भिंगांचा आणि काट्याचा आधार मागच्या बाजूचा धक्का सोसेल असा असतो. पुढचा हिसका त्यांच्या हिशोबातच नसतो.

माझा पहिला स्कोप असाच गेला. दुकानदार म्हणाला होता, "अहो, बंदुकीवर चालतो हा, हवेवर काय होतंय त्याला!" शे-दोनशे छर्रे झाले असतील. एका सकाळी डोळा लावला तर उभा काटा घड्याळातल्या दोन मिनिटांइतका कलंडलेला. स्कोप कानाशी हलवला तर आत खुळखुळ. तेव्हा स्प्रिंगच्या रायफलसाठी घेताना डब्यावर तो स्प्रिंग एअरगनसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं बघा, आणि दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला खरोखरच फारसा धक्का नसतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक तीच हाताळली असावी.

त्याच हिसक्याचा दुसरा परिणाम म्हणजे रायफल पुढे उडी मारते आणि स्कोप जडपणामुळे जागीच राहू पाहतो. म्हणजे रायफलवर तो मागे मागे सरकत जातो. एका वेळी केसभरच, पण छर्रे भरकटायला तेवढं पुरतं. मागच्या रिंगच्या मागे लागून, ती रायफलवरच्या ज्या खाचेत बसते तिच्यावर, पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढा, पन्नास छर्रे मारा आणि रेघ बघा. रिंगखाली गेली असेल तर माउंट, म्हणजे रिंगांसकट स्कोपची बैठक, सरकतंय. याला इलाज स्टॉप पिनचा. रायफलच्या खाचेत मागच्या बाजूला बहुधा एक भोक असतं; माउंटच्या तळातली पिन त्यात उतरवायची. हे भोक कशाला आहे ते ठाऊक नसल्याने त्यात ग्रीस भरून ठेवलेलं मी पाहिलंय! माउंट घेतानाच खाच मोजा. एअर रायफलची बहुधा ११ मिलिमीटरची, तिरक्या कडांची डोव्हटेल खाच असते. पिकाटिनी या बंदुकीवरच्या रुंद खाचपट्टीची रिंग तिच्यावर बसत नाही, आणि पट्टी घालून बसवली तर टिकत नाही.

आता झूम. गेल्या ऑलिम्पिकमध्ये, २०२४ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. त्या प्रकारात स्कोपला परवानगीच नाही. बारीक भोकाच्या साइटमधून बघून तो तिन्ही पोझिशनमध्ये नेम धरतो. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तोही तसाच, झूमशिवाय टिपतात. मोठं दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं. झूम वाढवला की लक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी दिसते. नवखा माणूस ती दाबायला जातो आणि घोडा झटक्यात ओढतो.

उजेडाचंही गणित आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापाशी येतो. ५० मिलिमीटर भागिले २४ म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे उघडलेली असते. तिला हे चित्र अंधारलेलं वाटणारच. ४×३२ला हाच झोत आठ मिलिमीटरचा. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र जात नाही.

आणि झूमपेक्षा कितीतरी महत्त्वाची एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नावालाही नाही, ती म्हणजे पॅरॅलॅक्स: डोळा हलला की काटा लक्ष्यावरून सरकलेला दिसणं. बंदुकीचे बरेच स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, जुळवून सीलबंद केलेले असतात. आपण मारतो गच्चीवर १० मीटरवर, फार तर शेतात २५वर. अशा ४० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये डोळा पार कडेला गेला, तर १० मीटरवर काटा खऱ्या जागेपासून पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत सरकलेला दिसू शकतो. रायफल उशांवर टेकवून ठेवा, हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. काटा कागदावर पोहतोय का? पोहत असेल तर २४ काय आणि ५० काय, झूम व्यर्थ आहे. पुढची कडी फिरवून १० मीटरपर्यंत खाली आणता येईल असा स्कोप, झूम ९ पुष्कळ झाला.

स्क्रूबद्दल थोडक्यात, कारण इथे बोलण्यापेक्षा हाताने शिकायचं असतं. रिंगच्या छोट्या स्क्रूला साधारण दोन न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वीस सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगावं तेवढाच जोर. अॅलन की दोन बोटांत धरून येतो तो जोर. मूठ वळली की संपलं. जास्त आवळलं तर अॅल्युमिनियमची नळी चेपते, आतलं काट्याचं हलणारं नळकांडं अडकतं, मग तुम्ही स्कोपच्या खुंटीला दहा क्लिक (बारीक टप्पे) देता आणि काटा चारच सरकतो. चारही स्क्रू आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा. त्याआधी खाच आणि रिंग स्पिरिटने पुसून कोरडी करा. पक्केपणा त्यातून येतो.

सरळ बसवण्यासाठी मोबाइलचं अॅप नको. गवंड्याचा ओळंबा समोर टांगा आणि रायफल सरळ धरून उभा काटा त्याच्या दोरीला लावा. वाऱ्याने ओळंबा झुलत असेल तर त्याचं वजन पाण्याच्या बादलीत सोडा. काटा कललेला असला की १० मीटरवर बरोबर लागणारं २५ मीटरवर बाजूला जातं, आणि माणूस वाऱ्याला दोष देतो.

लेझरने कागदावर यायला मदत होते हे खरं. झीरो होत नाही. लेझरचा किरण सरळ जातो, छर्रा पडत जातो. सरासरी वेग सेकंदाला २०० मीटर धरला तर २५ मीटरला आठवा हिस्सा सेकंद लागतो आणि तेवढ्यात छर्रा साडेसात सेंटीमीटर खाली येतो. शिवाय स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला. ही दोन्ही अंतरं लेझरला कोण सांगणार? छर्रे वाया घालवावेच लागतात. आधी १० मीटरवर कागदावर या, मग २५वर पाच छर्रे, आणि त्या पाचांचा मधला बिंदू धरून दुरुस्ती. एकेका छर्‍यामागे क्लिक फिरवत बसलात तर दिवस जाईल. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे घोळका चार सेंटीमीटर खाली असेल तर २२ क्लिक. खुंटीवरचा 'अप'चा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो. खाली लागतंय, तर 'अप'. निम्मे लोक इथे उलट फिरवतात. आणि स्प्रिंगच्या रायफलचा दस्ता दर वेळी तसाच, सैल हातावर टेकवा; पकड बदलली की घोळका बदलतो आणि शिव्या स्कोपला.

"एकदा झीरो, कायमचं झीरो" यावर काय बोलणार. छर्‍याचा डबा बदलला तरी नेम हलतो.

राहिलं पुसणं. भिंगावर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावर कापड फिरवलं, कितीही मऊ असलं तरी, की कोटिंगवर ओरखडे. आधी रबरी फुग्याने फुंकर, मग मऊ ब्रश, आणि डाग राहिलाच तर मायक्रोफायबर. रोज तर मुळीच नाही. कोकणातल्या माझ्या मावसभावाने स्कोप चामड्याच्या पेटीत ठेवून पावसाळा काढला. गणपतीत उघडला तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या अधूनमधून वाळवत राहा. स्कोप उघडून आतून पुसायचा विचारही नको. धुकं धरू नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला असतो, तो गेला की गेला.

भाच्याला मी एवढं सगळं लिहिलं नाही. म्हटलं, ३-९×४०, पुढे फिरणारी कडी, स्टॉप पिनचं माउंट, आणि नेम कागदावरच. पक्ष्यांवर धरलास तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली पोलीस दारात येतील. त्याने अंगठा पाठवला. दहा मिनिटांनी पुन्हा मेसेज: "मामा, ओळंबा म्हणजे काय?"