अब्राहम म्हणजे ब्रह्मा नव्हे

नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. अब्राहम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, यहुदी म्हणजे यदुकुळातले, ख्रिस्त म्हणजे कृष्ण. सबब यहुदी आणि ख्रिस्ती, दोन्ही धर्म मूळचे आपलेच, असं त्याचं सार. पाठवणारे काका माझ्या मनापासून आदरातले, आणि मेसेज वाचून त्यांना झालेला आनंदही खराच. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी अब्राहम, बायबलमधला यहुद्यांचा मूळपुरुष. 'ब्रह्मा'ला पुढे 'अ' लागला, असं मेसेज म्हणतो. पण यहुद्यांच्या हिब्रू भाषेत तो 'अ' वरून चिकटलेला नाही. मूळ नाव अब्राम: 'अब' म्हणजे बाप, 'राम' म्हणजे उंच, थोर. (हा राम आपला नव्हे. बायबलमधल्या शमुवेल या संदेष्ट्याच्या गावाचं नाव 'रामा', तेही उंचावरचं गाव म्हणून.) बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात अब्रामचा अब्राहम होतो आणि अर्थ तिथेच सांगितलाय: पुष्कळ राष्ट्रांचा बाप. हाच 'अब' अरबीत 'अबू', अरामीत 'अब्बा'. गेथशेमाने बागेत येशू देवाला हाक मारतो ती 'अब्बा' अशीच. 'ब्रह्मन्' मात्र 'बृह्', म्हणजे वाढणे, या धातूवरून सांगतात. पुढचा 'अ' काढला तर अब्राहमच्या नावातला बापच नाहीसा होतो.

हे पडताळायला जेरुसलेम गाठायला नको. अलिबागच्या इस्रायल आळीत जा. तिथल्या सिनेगॉगचं, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचं नाव 'मागेन अबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल. 'अबोथ' हे त्याच 'अब'चं अनेकवचन. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायली यहुदी हे आपले शेजारी. आडनावं पेणकर, किहीमकर. नावंही त्यांनी मराठी वळणाची करून घेतली: शमुवेलचा सामाजी, अब्राहमचा अब्राजी. इतक्या पिढ्या इथे काढूनही त्या अब्राजीचा ब्रह्मदेव झाला नाही.

सारा म्हणजे सरस्वती? हिब्रूत 'सार' म्हणजे अधिकारी, सरदार. 'सारा' हे त्याचं स्त्रीरूप. सरस्वती ही 'सरस्'वाली, पाण्याने भरलेली. ऋग्वेदात ती नदी आहे, ब्रह्मदेवाची पत्नी नाही. आणि साराची गोष्ट एकदा नीट वाचाच. ती हेब्रोनला मरते. अब्राहमकडे तिला पुरायला स्वतःची जमीन नाही. 'मी तुमच्यात परका आणि उपरा' असं तो तिथल्या लोकांना सांगतो आणि एफ्रोन हित्तीकडून गुहेसह शेत विकत घेतो, चारचौघांसमोर 400 शेकेल (शेकेल हे तिथलं वजन) चांदी तोलून देऊन. बायकोच्या थडग्यासाठी परमुलखात व्यवहार करणारा हा म्हातारा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याला सृष्टिकर्ता केलं की ही सगळी कळ पुसली जाते.

यहुदी आणि यदु यांचा हिशेब तर काळातच बसत नाही. 'यहुदी' हे नाव अब्राहमचा नातू याकोब, त्याचा चौथा मुलगा यहूदा, त्याचं कूळ, मग जेरुसलेमचं यहूदा राज्य, अशा वाटेने आलं. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनने ते राज्य मोडलं. हद्दपारीनंतर आणि इराणी अमलाखाली हे नाव सगळ्या समाजावर पक्कं झालं. त्याआधीचं नाव इस्राएल. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात ते इ.स.पू. 1208च्या सुमारास सापडतं.

ख्रिस्त आणि कृष्ण ही जोडी सगळ्यात लोकप्रिय. कृष्ण म्हणजे काळासावळा. 'ख्रिस्तोस' म्हणजे तेल लावून अभिषेक केलेला. हिब्रू 'माशियाह'चं ते ग्रीक भाषांतर. शमुवेल शिंगातलं तेल पुढे राजा झालेल्या दावीदाच्या डोक्यावर ओततो, तो हा अभिषेक. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात तर इराणचा राजा सायरसलाही 'माशियाह' म्हटलंय. म्हणजे ख्रिस्त हे नाव नव्हतंच, पदवी होती. येशूचं नाव येशुआ, यहोशवाचं आखूड रूप, त्या काळी घरोघरी आढळणारं. पहिले पुढारीही सगळे यहुदीच. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात जेरुसलेमचे तीन 'खांब' सांगतो: याकोब, केफा म्हणजे पेत्र, आणि योहान. यातला याकोब (वरचा यहूदाचा बाप नव्हे) येशूचा भाऊ, इ.स. 62च्या सुमारास त्याला दगडमार करून मारल्याची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव तर पुढे अंत्युखिया शहरात पडलं.

काका, हिब्रू शास्त्रात भारत शोधायचाच असेल तर एस्तेरचा ग्रंथ उघडा. पहिल्याच वाक्यात राजाचं राज्य 'होदू'पासून इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूशपर्यंत पसरल्याचं सांगितलंय. होदू म्हणजे सिंधूचा मुलूख, हिंद. सहाव्या ओळीत इराणी राजधानी शूशनच्या राजवाड्यातल्या मेजवानीचे पडदे येतात, आणि त्यांच्या कापडाला शब्द आहे 'कर्पस'. तो संस्कृत 'कार्पास'वरून इराणमार्गे तिथे पोचला. आपला कापूस.