दादर–वरळी भाड्यावरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. “दादर स्टेशन ते वरळी, एकट्या माणसाचे १०३ रुपये. बाइक टॅक्सी निम्म्यात नेते, म्हणूनच तुम्हाला तिच्यावर बंदी हवी,” असं लिहून तुम्ही आमच्या टॅक्सीला एक स्टार दिलात.

काळी-पिवळीचं भाडं मी ठरवत नाही. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे २०.६६, हा परिवहन प्राधिकरणाचा १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर आहे. पाच किलोमीटरला १०३ होतात, मीटरने तेवढेच दाखवले. ई-बाइक टॅक्सीला सरकारने १५ रुपये आणि पुढे १०.२७ दर दिलाय, म्हणजे ५१. निम्मे हे तुमचं म्हणणं खरंच आहे. एकटे असाल, सामान नसेल, तर खुशाल बाइकने जा. पण दोघं असलात की दोन बाइक लागतात आणि पैसे तेवढेच होतात. चौघांत १०३ म्हणजे माणशी २६. केईएमला निघालेला पेशंट किंवा गावाहून बॅगा घेऊन उतरलेले आई-वडील तर बाइकवर बसणारच नाहीत.

आता बंदीचं. परवानगी मिळालीय ती फक्त इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला. तिची नंबरप्लेट हिरवी, अक्षरं पिवळी. तिच्याशी माझं भांडण नाही. माझा विरोध आहे तो पांढऱ्या प्लेटच्या, पेट्रोलवरच्या खासगी बाइकवर भाडं मारायला. परवाना नाही म्हणून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने पुण्यातली अशी सेवा थांबवायला लावली होती. खासगी बाइकचा विमा भाड्याच्या प्रवाशासाठी काढलेलाच नसतो. उद्या अपघात झाला, विमा कंपनीने हात वर केले, तर मागे बसलेल्याच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं? बाइक चालवणाऱ्या पोराच्या? तो बिचारा स्वतःच हप्ते फेडत असतो.

माझ्या ड्रायव्हरकडे बॅज आहे. गाडीला परमिट आहे, पासिंग वेळेवर होतं, मीटरला सील आहे, प्रवाशांचा विमा भरलेला आहे. सीएनजी आणि ड्रायव्हरची कमाई धरून हे सगळं त्या १०३ रुपयांतूनच भागवायचं असतं. एकाच रस्त्यावर एकाने हे सगळं भरायचं आणि दुसऱ्याने काहीच नाही, याला मी स्पर्धा मानत नाही.

बाइक जरूर बोलवा, फक्त बसायच्या आधी प्लेट बघा. पांढरी असेल तर ट्रिप रद्द करा.