पॅनल घरी उघडावं की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रागावून लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: बाइकची पॅनल, म्हणजे बाजूची प्लास्टिकची कव्हरं, घरी उघडली की लॉक (ती अडकवून धरणारे प्लास्टिकचे खुंट आणि हुक) तुटतात, वॉरंटी जाते, त्यापेक्षा वॉशिंगवाल्याकडे डिझेलचा फवारा मारून घेतला की पावसाळाभर चिंता नाही. मग मी पोरांना हे नसते उद्योग का शिकवतोय?

आधी डिझेल. तुम्हीच लिहिलंय की तुमची गाडी रोज दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढते, म्हणजे खाडीचं खारं पाणी अंगावर घेते. बाहेरच्या भागावरचं मीठ निदान पावसाने तरी धुतलं जातं. पॅनलमागे ना पाऊस नीट पोचत, ना ऊन. तिथे चाकाने उडवलेली तांबडी माती बसते, तिच्यात मीठ मुरतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. गाडी पडवीत उभी असली तरी फ्रेमचे जोड आणि बॅटरीचा ट्रे दमटच. डिझेलने वरून चकाकी येते, पण त्यावर धूळ चिकटते आणि साध्या रबराचे बुश (फ्रेमवरच्या रबरी कड्या) फुगतात. पॅनलचे खुंट त्याच बुशांत बसलेले असतात. फुगलेला बुश खुंट आवळून धरतो. मग मेकॅनिकने ओढलं तरी तो तुटायचाच. लॉक तुटण्याचा दोष सगळा घरच्या हातांवर टाकू नका.

हां, घाईने तुटतात हे खरंच. बहुतेक वेळा सीटखालचा एखादा बोल्ट राहिलेला असतो आणि माणूस ओढत सुटतो. आधी सीट काढा, सगळे बोल्ट शोधा. खुंट बुशातून सरळ बाहेर ओढायचा, तिरका नाही. अडला तर बुशावर साबणाचं पाणी सोडा. हुकवाला भाग मात्र आधी पुढे किंवा मागे सरकवावा लागतो. प्लास्टिकच्या क्लिपांत मधली पिन काहींची आत दाबायची, काहींची वर उचलायची. उगाच पेचकस खुपसू नका.

बसवताना खरी कसोटी. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून ठेवा, पॅनल जागेवर आलं की मगच पाना लावा. बोल्टखालची धातूची छोटी नळी हरवू देऊ नका; प्लास्टिक चिरडू नये म्हणून ती असते. फ्रेमकडच्या आट्यांना किंचित ग्रीस लावा. बोल्ट सुटू नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉक इथे नकोच, त्याने पॅनलच्या एबीएस जातीच्या प्लास्टिकला तडे जातात.

वॉरंटीचं म्हणाल तर बॅटरी आणि फ्यूजसाठी साइड कव्हर कसं काढायचं हे कित्येक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेतच छापलेलं असतं. वायरिंग कापून हॉर्न बसवणं ही वेगळी गोष्ट. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असेल आणि लॉकच्या मुळाशी पांढरी रेघ दिसत असेल, तर तिथे प्लास्टिक आधीच थकलेलं असतं. ते जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं, आणि सुटं लॉक चिकटवून देणारा असेल तर उत्तमच.

तुमची गाडी कुठली ते लिहिलं नाहीत. मॉडेल आणि साल कळवा, सीटखालचा फोटो टाका. कुठला बोल्ट लपलाय ते बघून सांगतो.